सांत आंतोनला दिलेला नंबर

६ ऑक्टोबर, सकाळ
लायसन महिनाअखेर संपतंय. आजच कळलं. म्हणजे आपोलिनाने वाचून दाखवलं. हल्ली सरकार अक्षरं मुद्दाम बारीक छापतं, बायकोच्या मदतीशिवाय नागरिकाला स्वतःचं लायसनही वाचता येऊ नये. लेकीच्या, ग्लिनिसच्या बाळाचा बाप्तिस्मा सोळा नोव्हेंबरला, म्हापशाला. ओम्नी मीच चालवत नेणार असं लेकीला आणि जावयाला सांगून ठेवलंय. रिन्यूअल म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पस्तीस वर्षं शाळेत मुलांचे फॉर्म भरले, हा एक काय जड आहे?

७ ऑक्टोबर
ॲल्स्टनकडे गेलो. सख्खा भाचा. बाजारात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे त्याचं, आणि रविवारी चर्चमध्ये वाचनही तोच करतो. म्हणाला, अंकल, आधार नंबर द्या, मगे फोनाकडे बगून डोळे मिचकावचे. झाला!
मी हादरलो. छत्री तिथेच विसरलो. सरकारला माझ्या डोळ्यांत बघून काय करायचंय? वर डॉक्टरचा दाखला, त्यातही डोळे. सगळे माझ्या डोळ्यांच्याच मागे. अजिबात देणार नाही. माणसाला प्रायव्हसी म्हणून काही असते.

८ ऑक्टोबर
कडक उपाय सुरू. (१) आधार कार्ड तांदळाच्या पिंपात, तळाशी. (२) फोनच्या कॅमेऱ्यावर बँडेज. (३) कोणी नंबर विचारला तर ऐकू न आल्यासारखं करायचं.
संध्याकाळी आपोलिनाने बँडेज ओढून काढलं. व्हिडिओ कॉलवर बाळ दिसत नव्हतं म्हणे. मला तसंही ते जरा धुरकटच दिसतं. म्हापशाचं नेटवर्क.

१० ऑक्टोबर
ॲल्स्टन म्हणाला, आधार नको तर नको, दुसरे कागद घेऊन स्वतः ओरसच्या आरटीओत जावा, ता पण चालता. चला, सुटलो! मग म्हणाला, डॉक्टरचो दाखलो मात्र लागतलोच.
यावर विचार केला. डॉक्टर तरी कोण? परका माणूस. माझे डोळे तपासणार, कुठेतरी लिहून ठेवणार. ते कागद उद्या कोणाच्या हाती पडतील? तत्त्वाचा प्रश्न आहे. ओरस रद्द.

१२ ऑक्टोबर, तिन्हीसांजा
गेटाजवळ माणूस उभा आहे. हलत नाही. अर्धा तास घराकडे बघतोय. पिंपाची बातमी फुटलेली दिसते. दाराला आतून कडी घातली, हातात कोयता घेतला. आपोलिनाला खिडकीशी बोलावलं. म्हणाली, माणूस नाय रे, केळीचो खुंट तो. तूच काल तोडलंस.
कालच तोडला होता, खरं आहे. पण खुंटामागे कोणी नसेल कशावरून?

१५ ऑक्टोबर
आज गाडी काढली. सवय मोडू नये म्हणून. तिठ्यावर एकदम कोणीतरी किंचाळलं. ब्रेक दाबला. शेजारची काशीबाई, बॉनेटला चिकटून. लाल साडी नेसली होती. म्हणाली, मास्तरानु, माका मारतलास काय?
बाई रस्त्याच्या मधोमध चालतात, दुसरं काही नाही. ऊन समोरून होतं. काच धुळकट होती.
घरी आल्यावर जेवलो नाही. आपोलिनाला पित्त म्हणून सांगितलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला खूप भीती वाटली. लाल साडी होती आणि मला दिसली नाही.
उद्या काच स्वच्छ धुणार.

१८ ऑक्टोबर
काच धुतली. फरक नाही. काच जुनी झालीय.
आता माणसांच्या हातचं काही राहिलं नाही, तेव्हा सांत आंतोनच्या नावे चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगायचा ठरवलं. हरवलेली वस्तू तो शोधून देतो, तर आधार चोरीला जाण्याआधीच त्याच्या ताब्यात दिलेला बरा. संताकडून डेटा लीक होत नाही. हेतूची, म्हणजे काय मागायचं त्याची, चिठ्ठी स्वतः लिहिली, मोठ्या ठळक अक्षरांत: ‘रोझारियो फर्नांडिस यांचा आधार सुरक्षित राहावा आणि डोळ्यांच्या तपासणीविना लायसन मिळावे.’ पण आमच्या एका वाडीत रोझारियो फर्नांडिस तिघे. संताचा घोटाळा व्हायला नको. म्हणून नावापुढे आधारचे बाराही आकडे घातले. चिठ्ठी दुमडून चर्चच्या पेटीत टाकली. फार दिवसांनी शांत वाटतंय.

१९ ऑक्टोबर, रविवार
मिस्साचे हेतू वेदीवरून मोठ्याने वाचतात, हे मला जन्मापासून माहीत आहे. काल कसं सुचलं नाही?
ॲल्स्टन वाचत होता. काशीबाईच्या बहिणीचा आजार (त्यासाठी ती स्वतः येऊन बसली होती), कोणाची परीक्षा, मग मी. बाराही आकडे. माइकवरून. चार-चार करून, स्वच्छ उच्चारात. आणि शेवटी सगळं चर्च एका सुरात म्हणालं, प्रभू, आमची प्रार्थना ऐक.
बाहेर आल्यावर त्याला धरला. म्हणाला, लिवलला ता वाचलंय, अंकल. फादर सांगतत, एक शब्द गाळू नको.

२० ऑक्टोबर
घराबाहेर पडलो नाही. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. आला चोर! फोन उशीखाली दाबून धरला, वर मी बसलो. सात वेळा वाजला. नंतर कळलं, जावई नव्या नंबरवरून करत होता. बाळाचं नाव काय ठेवूया, विचारायला.

१ नोव्हेंबर
लायसन काल संपलं. तत्त्वासाठी मी लायसनचा त्याग केला, असं सगळ्यांना सांगितलं.
आपोलिनाने तिचं लर्निंग लायसन काढलं! ॲल्स्टनच्या फोनसमोर डोळे मिचकावले, परीक्षा दिली, पास झाली. घरी येऊन बांगडे तळले. मी म्हटलं, तू तुझी सगळी माहिती विकून बसलीस. ती परतायचं थांबली. म्हणाली, तुका दिसणा नाय, ह्यां माका कधीचा ठावक आसा. भितंस, ता सांग मां. सरकाराच्या नावान कित्याक बोंबलतंस?
मी म्हटलं, बांगडा करपतोय. करपत नव्हता.

१६ नोव्हेंबर, म्हापसा
एसटीने आलो. इन्सुलीच्या नाक्यावर पोलीस गाड्या थांबवत होते. आमची बस सरळ सोडली. बघा, लायसनपेक्षा एसटी बरी, मी हेच म्हणत होतो.
बाप्तिस्मा थाटात. बाळाला मीच आधी हातात घेतलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, नाक तर अगदी फर्नांडिसांचं!  मग ग्लिनिस हळूच म्हणाली, पप्पा, आमचं बाळ इकडे आहे.
आज चर्चमध्ये दोन बाप्तिस्मे होते.
आमचं बाळ तिने माझ्या हातात दिलं. मी अगदी जवळ, नाकाला नाक लावून बघितलं. नाक दिसलं नाही. दुधाचा वास आला. मी तसाच उभा राहिलो. आंधळा झालो तर हा मुलगा मला कधीच दिसणार नाही. एवढं कळलं.
आपोलिनाला म्हटलं, घे डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट. म्हणाली, कधीच घेतलंय.

२४ नोव्हेंबर, डोळ्यांचं हॉस्पिटल
मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. पिकलेले. सोबत काशीबाई, तिलाही तेच. म्हणजे त्या दिवशी तिठ्यावर तिला माझी गाडी दिसली नव्हती आणि मला ती.
ऑपरेशनच्या नोंदणीसाठी काउंटरवरच्या मुलीने आधार मागितला. कार्ड तांदळाच्या पिंपात! घरीच राहिलं! एवढा आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. मुलीला म्हटलं, सॉरी हां, नंबर पाठ नाही, पुढच्या महिन्यात बघू. आपोलिनाचा हात धरून उठलोसुद्धा.
आपोलिना जागची हलली नाही. पहिले आठ आकडे तिने घडाघडा म्हटले. शेवटचे चार काशीबाईने मागच्या बाकावरून सांगितले. वर म्हणाली, प्रभू, आमची प्रार्थना ऐक.
मुलीने टाइप केलं. मग डोळ्यांचा फोटो घेणारं एक मशीन माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, आजोबा, इकडे बघा.
मी विचारलं, कुठे?