साळूबाईंच्या दारातला उतार

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची. सोनईच्या पुढे, उसाच्या मधोमध एकटं घर. खोली हवेशीर, मोबाईलला रेंज, सकाळी ताजं दूध. इथं मजेत राहीन. सांभाळायचं ते साळूबाईंना. वय ऐंशीच्या घरात, मागच्या महिन्यात पडून हात मोडलेला. मुलगा पुण्याला असतो, कल्याण नाव त्याचं. त्यानं फोनवर आईच्या आधी इन्व्हर्टरची चौकशी केली. असली मुलं मला पाठ आहेत.

६ नोव्हेंबर
हे घर म्हणजे म्हातारं माणूस पाडायची सोय आहे. मोरीत शेवाळ, पलंगाशी घसरणारं गोणपाट, आणि दारात गुडघ्याहून उंच पायरी. साळूबाई आधी तिच्यावर बसतात, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतात. मी मोरी घासली, गोणपाट जाळलं, बीपीला नको म्हणून लोणच्याची बरणी कुलपात घातली. पायरी बुजवून उतार करू म्हटल्यावर मात्र त्यांनी माझा दंड धरला.
"ऱ्हाऊ दे ती, पोरी. तिच्यामुळंच त्यो मानूस भायेर हाय."
तो माणूस म्हणजे नवरा, भिमाजी. मरून वर्षं झाली. या बायकांना डोकं नसतं असं नाही, ते वापरायची सवय नसते.

११ नोव्हेंबर
घोडेगावचा गवंडी उतार करून गेला. उताराला स्टीलचे दांडे, तसेच पुढे पडवीतून मोरीपर्यंत आणि मोरीपासून पलंगापर्यंत. आता आंधळासुद्धा पडणार नाही.
शेजारच्या वस्तीवरून पुष्पावतीकाकू बघायला आल्या आणि न विचारता सांगत बसल्या. भिमाजी जन्मभर साळूबाईंना मारत आला. मग त्याला लकवा झाला, उजवी बाजू गेली. साळूबाईंनी त्याला अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं, जेवू घातलं, पण घरात घेतलं नाही. रोज दिवस मावळताना तो फरपटत पायरीशी यायचा, चढता आलं नाही की शिव्या देत परत जायचा. शेवटी पायरीवर हात ठेवूनच मेला. मी घाबरेन असं काकूंना वाटत होतं. मी त्यांच्यापुढं खारी ठेवली.

१४ नोव्हेंबर
इतका खर्च करून साळूबाई दांड्याला हात लावत नाहीत. म्हणतात, ओला लागतो. ओला आहे खरा, आणि आत येताना डाव्या हाताला येतो तेवढाच. पुसला, की परत. गवंड्यानं काहीतरी भिकार माल वापरला असणार.

१७ नोव्हेंबर
दिवस मावळताना दांडा करकरला. कुणीतरी भार टाकतंय, थांबतंय, पाय ओढून घेतंय, पुन्हा भार टाकतंय. दारात जाऊन पाहिलं, कुणी नाही. साळूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पडवीत आला."
कल्याणला फोन केला. तो हसला. गाढव. मीही हसलेच असते, पण ते वेगळं.

१९ नोव्हेंबर
आज मोरीपर्यंत. दांडा तिथवर ओला. विडीचा वास— घरात कुणी ओढत नाही. गवंड्याला म्हटलं, दांडे काढून ने. संध्याकाळच्या आत काम उरकून तिथून निघता येणार नाही म्हणाला आणि फोन ठेवला. भेकड. साळूबाई भिंतीशी सरकून, डोक्यावर हात घेऊन बसल्या होत्या. मार चुकवायला बसतात तशा.

२० नोव्हेंबर
साळूबाईंना दुपारीच काकूंकडे पोचवलं. मलाही ओढत होत्या.
"तिकडं जाऊ नगंस. त्याला घरात बाई लागती हानायला. मी न्हाई तर कोन बी."
हात सोडवून परत आले. अर्धं अंग गेलेल्या, बायको मारणाऱ्या माणसाला मी जिवंतपणी भ्याले नसते. पाना आहे, हातोडी आहे. दांडे उपटते, उद्या पायरी पुन्हा बांधून—

बोल्ट हलत नाहीत. पक्के बसव, असं मीच गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून—

दिवस मावळला. पडवी. आता मोरी. दार त्याच्या पलीकडे.

मी पलंगावर, भिंतीला टेकून. शिव्या नाहीत. नुसता श्वास—

दांडा इथं संपतो. पुढं धरायला काही नाही. पडेल, पडू दे मेल्याला—

पडला नाही. डावा हात पुढं केलाय, आधाराला, माझ्या