खांद्यावरचा डाग

बाबा, परवा तुमचा विद्यार्थी घरी आला होता. आता तोही म्हातारा झाला आहे; जिना चढून आला की दारात थांबून दम घेतो. खुर्चीवर बसल्यावर बोलण्याआधी त्याने माझ्याकडे थोडा वेळ नुसतं पाहिलं. तुम्ही पाहायचात तसं. डोळे, नखं, मग श्वास. तुमचं हे पाहणं घरात कुणाकडे आलं नाही, बोरी अरब गावच्या एका मुलाकडे गेलं, याचा मला इतक्या वर्षांनंतरही त्रास होतो. तो चहा घेत होता आणि मी मनात म्हणत होते, हे परत कर.

तो पहिल्यांदा वणीला आला तेव्हा वैशाख होता. त्याच्या घरच्यांनी बुद्धधर्म घेतल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातली मुलं सुट्टीत तुमच्या दवाखान्यात शिकायला येत, पण रोज घरी जेवायला तुम्ही बसवलंत ते त्यालाच. आईने त्याचं ताट आपल्या पंगतीत मांडलं. गल्लीत कुजबुज झाली. माझा पडलेला चेहरा पाहून मावशीला वाटलं, हिला जात आडवी येते. तसं असतं तर मला समजावण्यासारखं तुमच्याकडे पुष्कळ होतं. माझ्या खऱ्या रागावर काही नव्हतं. मी इंटर सायन्सला चांगले गुण मिळवून घरी बसले होते. मेडिकलला पाठवाल का विचारलं की तुम्ही म्हणायचात, "पाहू." आणि भाकरी मोडता मोडता त्याला विचारायचात, "कावीळ झालेला माणूस समोर आला. आधी काय विचारशील?" तो आढ्याकडे बघायचा. मी वरण वाढत असायचे. एकदा न राहवून म्हटलं, "शौचाचा रंग." तुम्ही म्हणालात, "जेवताना असलं बोलू नये." मग त्याच्याकडे वळून, "हं, सांग."

तुमची रीत ठरलेली होती. रोगी सकाळी विद्यार्थ्याने पाहायचा, संध्याकाळी तुम्ही. मधला दिवस त्याचा, चुका त्याच्या. पहिल्याच आठवड्यात पडवीत एका म्हाताऱ्याच्या पोटावर विळा तापवून दिलेला डाग त्याला दिसला आणि तो सगळ्यांसमोर कडाडला, "काहो बाबाजी, जुनं सारं सोडलं ना आपण? देव सोडले. मंग हे काहून नाही सुटलं?" म्हातारा म्हणाला, "देव सोडाले सोपे होते बापू. पोट दुखाचं नाही थांबत ना." पडवी हसली. तो हसला नाही. तेव्हापासून त्याच्या समाजाची माणसं त्याच्यापुढे डाग झाकू लागली. तुमच्यापुढे झाकत नसत. हा त्यांचा होता, शिकलेला; त्याच्यापुढे लाज वाटायची.

मग राजूरच्या खाणीतला तो मजूर आला. ताप, घाम, खोकला, उजव्या बरगडीत कळ. थंडी वाजते म्हणून सदरा काढेना, तेव्हा याने सदऱ्याखालून तपासायची नळी सरकवली. कोळशातला माणूस आणि खोकला; याने छातीचाच रोग धरला. उद्या यवतमाळला पाठवून फोटो काढू, म्हणाला. दुपारी मी रोग्यांसाठी पेज घेऊन गेले. मजुराची बायको निंबाखाली बसली होती. खोकला कधीपासून, असं मी सहज विचारलं.

"खोकला आता आता आला बाई. पयले खांदा दुखे. उजवा. रातभर निजू नाही दे. मंग माह्या सासूनं डाग देला."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"कायले? त्या बुढ्यावर कावले ते राजूरपर्यंत आयकू आलं. आमच्यातलाच पोरगा हाय. त्याले कायले वाईट वाटू द्याचं?"

आधी आव झाली होती का, हेही मी विचारलं. झाली होती. आवेनंतर यकृतात पू झाला की कधीकधी उजवा खांदा दुखतो, हे तुम्ही त्याला जेवताना सांगितलं होतं. तो विसरला होता, मी नाही. मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही सुया उकळत होतात. मी खांदा, आव, डाग असं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "यकृत." तुमचा चेहरा एकदम उजळला. माझ्यासाठी उजळलेला तुमचा तेवढाच चेहरा माझ्याकडे आहे. मग तुम्ही म्हणालात, "मला कशाला सांगतेस? जा, त्याला सांग. लवकर."

मी गेले. तो चिडला नाही. पांढरा पडला. मग मजुराच्या खाटेशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दादा, सदरा काढता काय? मी नाही कावत." खांद्यावर डाग होता, बरगडीवर दुसरा. तेवढ्यात तुम्ही आलात. विद्यार्थ्याचं बोट तुम्ही आपल्या हातात धरलंत, मजुराच्या दोन बरगड्यांच्या मधोमध टेकवलंत आणि दाबलंत. "अरे माय!" मजूर ओरडला. मी दारात उभी होते. ओरडणं मी विसरले असते; तुमच्या हातातलं ते बोट विसरले नाही. संध्याकाळी सुईतून तपकिरी पू निघाला. माणूस वाचला, पुढे आपल्या पायांनी मोटारस्टँडवर गेला.

त्याच संध्याकाळी मी म्हटलं, "मलाही शिकवा ना." सुई धुता धुता तुम्ही म्हणालात, "तुला काय शिकवायचं? तुला दिसतंच." जूनमध्ये माझं नाव आर्ट्सला घातलं गेलं. पुढे मी आयुष्यभर मुलांना वाक्यांचे अर्थ लावायला शिकवलं. तुमचं हे वाक्य शाबासकी होती की नकार, मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही असेल तर जास्तच वाईट.

तो मात्र पुढे मेडिकल कॉलेजात शिकवायला लागला आणि ही गोष्ट दरवर्षी वर्गात सांगत आला. परवाही म्हणाला, "ताई, तुम्ही सरळ सरांकडे जाऊ शकत होत्या. माह्याकडे आल्या. माही अब्रू राखली. एवढं मोठं मन माह्यात नसतं." मी बिस्किटांची बशी पुढे केली. तो खरंच मानतो हे. त्याच्या वर्गातल्या पोरांनी मला पाहिलं तर पाया पडतील.

हे लिहिलेलं पाठवायचं झालं तर त्याच्याच पत्त्यावर पाठवावं लागेल. तुम्ही गेल्यावर जे काही उरला आहात ते तिथेच. म्हणून ठेवून देते. मी आधी तुमच्याकडेच धावले होते आणि तुम्ही मला त्याच्याकडे पाठवलंत, हे त्याला ठाऊक नाही. मी सांगणारही नाही. तुमचं एवढं एक तरी त्याच्याकडे नसू दे.