प्रियूची जपानी गोष्ट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

गैरहजर! भरती परीक्षेच्या निकालात आमच्या प्रियदर्शनीच्या नावापुढे गैरहजर! ऑफिसात भगवंतरावांनी मोबाइलवर दाखवलं. "कौशल्याताई, यादीतच चूक असंन." चूक कसली! सप्टेंबरात मीच डबा देऊन पेपरला पाठवलं होतं हिला. बार्शीटाकळीहून अकोल्यापर्यंत एसटीत दात आवळून बसले.

घरी येऊन पाहते तर लेक लॅपटॉपसमोर! तोच जपानी गेम. ना गाड्या, ना मारामारी. नुसती चित्रं, अन् खाली ओळी.

"पेपरले काहून नाई गेली?"

तिनं नुसतं बटण दाबलं, पुढची ओळ आणली.

"तुझे बाबा गेल्यावर एकटीनं शिकवलं तुले, ते हे कार्टून पाहायले?"

"कार्टून नाई, आई. गोष्ट आहे."

गोष्ट! सव्वीस वर्षांची घोडी! लॅपटॉप हिसकावला, कपाटात टाकला, कुलूप घातलं.

४ नोव्हेंबर

सकाळी न सांगता अमरावतीला गेली. मैत्रीण आरजूकडे; आरजूनंच फोन करून कळवलं. जाऊ दे!

६ नोव्हेंबर

फोन उचलत नाही. मीही करणार नाही. (दोनदा केला.)

९ नोव्हेंबर, रविवार

लॅपटॉप काढला. एखादा पोरगा असेल तर तेही कळेल म्हटलं. पासवर्डच नव्हता. लपवायचं काही नव्हतं तर!

पोरगा नाही, नुसता तो गेम. उघडला. समुद्राकाठचं गाव, बंद पडायला आलेली शाळा, अन् मियो नावाची पोरगी. ती शाळेत येईनाशी झाली आहे. खेळणारे आपण तिची मैत्रीण. इंग्रजी सोपं आहे, ऑफिसच्या पत्रांपेक्षा बरं. एक ओळ वाचायची, बटण दाबायचं, पुढची ओळ. मध्येच गेम थांबतो – आता तू काय म्हणशील? तीन उत्तरं. एक निवडायचं.

मी निवडलं – "उद्यापासून शाळेत ये." दुसरं काय सांगणार!

मियो हसली. दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेली. समाप्त!

हे काय! काय वाईट सांगितलं मी? परत सुरू केला, आणखी कडक बोलले. परत गेली! कुकर लावायचा राहिला. इतका संताप आला त्या मियोचा!

१० नोव्हेंबर

आरजूला फोन. प्रियूसाठीच केला होता, पण तोंडातून निघालं – "ती मियो जाते काहून?"

आरजू ओरडलीच. "आंटी, तुमी बी खेळून राहिल्या? तिले सल्ला नका देऊ ना. पूछो, अन् ऐकून घ्या."

म्हटलं, प्रियूला दे. "झोपली हाय." दुपारचे चार! खोटारड्या दोघी!

१३ नोव्हेंबर

"काय झालं?" हे उत्तर निवडलं. मियो बोलत सुटली. अर्धा तास मी नुसतं वाचत होते. मधे तोंड घालायची सोयच नाही.

आता राग येतो तो लिहिणाऱ्याचा. तिकडे जपानात बसून त्याला पोरीच्या मनातलं कळतं, अन् इथे अकोल्यात जठारपेठेत एका छपराखाली राहून मला नाही? ऑफिसात दोघांवर विनाकारण खेकसले. अजून निम्मी गोष्ट बाकी आहे. खेळणार नाही. अमरावतीला जाते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रियू किती वाळली! आरजूनं चहा ठेवला अन् मुद्दाम बाजारात गेली. पाठ करून आलेलं भाषण जिभेवर होतं. गिळलं. "काय झालं, प्रियू?"

चहा पार थंड झाला. कितीदा वाटलं, हलवून बोलती करावी! हात मांडीखाली दाबून बसले.

मग ती बोलली.

१६ नोव्हेंबर

काल पुढचं लिहिता आलं नाही.

पेपरच्या दिवशी ती केंद्राच्या फाटकातूनच वळली. नदीवर गेली. परत यायचं नव्हतं तिला.

"मंग आली कशी, माय?"

"मियोची गोष्ट अर्धी होती, आई. पुढं काय होते ते पाहायचं होतं."

उद्या रजा टाकली आहे. दोघी डॉक्टरकडे जातो आहोत.