ओळख न पटलेल्या एकतीस फाइली

प्रति,
मा. प्रमुख, माहिती सुरक्षा कक्ष,
नकाशा व मोजणी कार्यालय.

विषय : दिवंगत पत्नीच्या आवाजाच्या एकतीस फाइली १८ तारखेस पुसून टाकू नयेत याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाची ३ तारखेची सूचना, 'अनोळखी फाइलींची विल्हेवाट'.

महोदय,

१. दिनांक ३ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या खिडकी क्रमांक तीनवर मला पत्नीच्या संगणकातील २७४ पैकी २४३ फाइली परत मिळाल्या. पत्नी आपल्याकडे सव्वीस वर्षे आरेखक होती. ती गेल्या महिन्यात वारली. संगणक कार्यालयाचा असल्याने चौथ्या दिवशी आपला शिपाई घरी आला. मी संगणक फडक्याने पुसून, तारेसकट त्याच्या हवाली केला व पोच घेतली. आतले काही काढून ठेवावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

२. परत मिळालेल्या २४३ फाइली मी घरी उघडून पाहिल्या. त्यांत संगणकाबरोबरच आलेली डोंगराची व फुलपाखराची चित्रे, प्रिंटरची माहितीपुस्तिका आणि वापराच्या अटी अकरा भाषांत आहेत. पत्नीचे असे त्यांत काहीही नाही.

३. याचे कारण खिडकीवरील लिपिक बाईंनी मला पडदा वळवून दाखवले. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की आपले यंत्र फाइलचा चौसष्ट अक्षरांचा ठसा काढते, ज्याला त्या हॅश म्हणतात, आणि तो ऑनलाइन नोंदवहीत शोधते. ठसा तेथे निर्धोक म्हणून असेल तर फाइल बाहेर जाते. नसेल तर 'नोंद नाही' असे उत्तर येते, आणि आपल्या नियमाप्रमाणे ती धोक्याची समजून पंधरा दिवसांनी पुसली जाते. म्हणजे जी फाइल जगात हजारोंकडे आहे ती सुटते. जी एकाच बाईने एकदाच केली, ती अडकते. माझ्या पत्नीचा आवाज त्या नोंदवहीत सापडला असता, तर खरी काळजी मला तेव्हा वाटली असती.

४. या ३१ फाइलींची हकिगत अशी. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर बोलता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर तिने जेवणाच्या सुट्टीत, आपल्याच कार्यालयात बसून, रोजची वाक्ये ध्वनिमुद्रित केली. 'अहो, दिवा बंद करा, वाचता वाचता घोरताय.' 'किल्ली कुठे ठेवलीत? विचार करू नका, शोधा.' शस्त्रक्रियेनंतर ती संगणकावर बटण दाबून हवे ते वाक्य वाजवी. पुढचे सात महिने आमचा संसार या बटणांवर चालला. एका फाइलचे नाव 'रागावले' आहे, दुसरीचे 'फारच रागावले'. माझ्या हिश्शाला दुसरी जास्त आली. 'हसू' नावाची फाइल सहा सेकंदांची आहे.

५. बाईंनी उपाय सुचवला : "काका, फाइलची प्रत असली तर तुम्हीच नोंदवहीत टाका. एकदा तिकडे ओळख पटली की इथे आपोआप सुटेल." माझ्या फोनवर एकच फाइल होती, 'जेवण झाकून ठेवलंय'. ती मी ६ तारखेस पाठवली. ११ तारखेस ती निर्धोक म्हणून नोंदली गेली. १२ तारखेस आपल्या यंत्राने पुन्हा 'नोंद नाही' असेच सांगितले.

"काका, तुम्ही फाइलला हात लावलात?" बाईंनी विचारले.

लावला होता. मी अडतीस वर्षे रेडिओच्या बातमीपत्रात लोकांचे खोकले कापले. पत्नीने ही फाइल पाठवली त्याच दिवशी मी तिच्या सुरुवातीचा खोकला व खुर्ची सरकल्याचा आवाज, एकूण चार सेकंद, सवयीने कापून टाकले आणि मूळ फाइलच्या जागी कापलेलीच ठेवली. मी म्हणालो, चारच सेकंद. बाई म्हणाल्या, "ठसा बदलला, काका. यंत्राला चार सेकंद काय न् चाळीस वर्षं काय, सारखीच." नंतर त्यांनी मागे रांग उभी असताना एकतीसही फाइलींची नावे मला सावकाश वाचून दाखवली व मी ती उतरवून घेतली.

६. अखंड फाइल आता फक्त आपल्याकडे आहे. ती नोंदवहीकडे पाठवावी, तर अनोळखी फाइल बाहेर जाऊ शकत नाही. आणि बाहेर गेल्याशिवाय तिची ओळख पटू शकत नाही.

म्हणून विनंती की, ठशाऐवजी माणसाची साक्ष ग्राह्य धरावी. हा आवाज मी एकेचाळीस वर्षे ओळखतो. आपण मला दुसऱ्या खोलीत बसवा, दार लावा आणि फाइल वाजवा. मी ओळख सांगेन व सही करेन. हे नियमात बसत नसेल, तर पुसण्यापूर्वी सर्व फाइली एकदा मला खिडकीवर ऐकवाव्यात. तेवढाही वेळ नसेल, तर 'हसू'. तेही शक्य नसेल, तर मी कापलेले ते चार सेकंद.

आज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी बाईंनी कळवले, की पत्नीचा संगणक उद्या संध्याकाळी पाचला पुसायच्या यादीत नववा आहे, ते पुसणे फक्त आपल्या सहीने थांबू शकते आणि आपण १९ तारखेपर्यंत दौऱ्यावर आहात. हा अर्ज त्या आपल्या टेबलावर सर्वांत वर ठेवणार आहेत.

उद्या दहापासून खिडकी क्रमांक तीनसमोर हजर असणारा, आपला नम्र,
(सही)
निवृत्त वृत्तसंपादक
दिनांक : १७

सोबत :
१. संगणक परत केल्याची पोच
२. एकतीस फाइलींच्या नावांची यादी, हस्तलिखित
३. मृत्यूचा दाखला
४. पेन ड्राइव्ह, एक, कोरा