आपाच्या ताटावरची दुवा

२ सप्टेंबर

पगार निम्मे! सरळ निम्मे! हंगाम अर्ध्यावर, आणि क्लबचे अध्यक्ष तोलेगेन साहेब कपडे बदलायच्या खोलीत येऊन सांगतात — "मुलांनो, आपल्याला पोसणाऱ्या कारखान्याचं तांबं खपत नाही, प्रांताधिकारी नवा आलाय, हात आखडता घ्यावा लागेल. आपण कुटुंब आहोत." कुटुंबाची आठवण यांना नेहमी पगाराच्या आधी होते.

निम्म्याचं मी एक वेळ सोसलं असतं. पण खालचं कलम मोठ्याने वाचायला लावलं मी त्यांना. तीन महिने जो खेळू शकणार नाही त्याचा करार संपला. औषधपाणी त्याचं त्याने पाहावं. खोलीत सगळ्यांनी एकाच रिकाम्या बाकाकडे पाहिलं. सायानच्या. जुलैमध्ये त्याचा गुडघा सुजलेला असताना सुई टोचून त्याला मैदानावर कोणी उतरवलं? याच साहेबांनी. "प्रांताचे पाहुणे आलेत, पाऊण तास खेळ फक्त." बाविसाव्या मिनिटाला गुडघ्याचा आवाज आला — मी दहा हातांवर होतो, मला ऐकू आला. आता ऑपरेशन क्लबने करायचं, तसं त्याच्या करारात आहे. म्हणूनच हे कलम.

दुखापतीचं कलम बदलायला आमच्यातल्या बहुतेकांच्या सह्या लागतात. म्हणजे सायानचा पाय आमच्या पेनात आहे.

साहेब गेल्यावर मी बोललो. चांगलं बोललो. खाणकामगारांचे संप सांगितले, ज्यांनी आधी सही केली त्यांचं पुढे काय झालं ते सांगितलं. मग खानावळीतून नान मागवला, बाकावर ठेवला. एकेकाने हात ठेवून म्हटलं — "सायानला सोडून सही केली तर हे अन्न मला मारो." वादिम आमचा गोलरक्षक, रशियन माणूस, त्यानेही ठेवला. म्हणाला, "माझ्या देवाला चालेल का विचारून घेतो, पण ठेवतो."

३ सप्टेंबर

एकही सही नाही. एकही!

९ सप्टेंबर

गरम पाणी बंद. बॉयलर बिघडलाय म्हणे. ऑफिसातल्या नळाला मात्र वाफ येते.

पुढाकार घेणाऱ्या आम्हा सहा जणांना वेगळा सराव — कारखान्यामागच्या वाळूच्या मैदानावर. शेजारी राखेचा डोंगर. वारा सुटला की तोंडात लोखंडाची चव येते. प्रशिक्षक आमच्याकडे न बघता म्हणाले, "वरून आलंय, झंगीर. माझं काही नाही." माझं काही नाही! या देशाच्या अर्ध्या कबरींवर हेच कोरायला हवं.

वादिम म्हणतो, "छान आहे रे, समुद्र सोडून सगळं आहे."

हसलो सगळे. 

१४ सप्टेंबर

सायानकडे गेलो. पाय उशीवर. गुडघा भोपळ्यासारखा, त्याखाली पोटरी मात्र वाळून काठी झालेली. डॉक्टर म्हणतात, बर्फ पडायच्या आत ऑपरेशन झालं नाही तर खेळणं सोडाच, सरळ चालणंही विसरा. चोवीस वर्षांचा मुलगा!

"दादा, तुम्ही सही करून टाका. माझ्या एका पायासाठी वीस घरं कशाला?"

"गप्प बस. हा तुझा पाय नाही. पुढच्या हंगामात माझा असेल, त्यानंतर आणखी कोणाचा."

"भाषण नको, दादा. चहा घ्या."

मी चहा घेतला. पण भाषणही केलं.

१७ सप्टेंबर

कुरालाय आज जेवताना म्हणाली, "तू बोलायला लागलास की तुला माणसं दिसत नाहीत. फक्त त्यांच्या हलणाऱ्या माना दिसतात."

बायकोने असं म्हणावं! रागावून उठलो. परत येऊन बसलो, कारण तिने उत्तर मागितलंच नव्हतं.

२० सप्टेंबर

आमंत्रण. तोलेगेन साहेबांच्या आईला ऐंशी पूर्ण. बाल्झिया आपा — गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं दही खाऊन वाढली, त्यात मीही. सगळ्या संघाला बोलावलंय.

पोरांत खळबळ. "जायचं का?" "न जाऊन कसं चालेल? आपाची ऐंशी आहे!" "अरे, पण घर त्याचं आहे." "ताट तिचं आहे."

शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं — जायचं. आपाला नमस्कार करायचा, खायचं, निघायचं. पगाराचा शब्द काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐकू आला नाही असं करायचं.

एवढं पक्कं ठरवलं. आणि तरी आज दिवसभर काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटतंय. घरातून निघताना गॅस बंद केला का, तसं.

२४ सप्टेंबर

परतलो. अजून अंगाला मांसाचा वास आहे. सगळं लिहितो, नाहीतर माझंच मला नीट कळणार नाही.

अंगणात मोठा तंबू. आपा मधोमध, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं, हात मांडीवर. मला पाहून म्हणाली, "लुकड्या, तू अजून बोलतोस का तेवढाच?" सगळे हसले. उपप्रांताधिकारी होता, कारखान्याचा मॅनेजर होता. आम्हाला वाटलं, खाली दाराशी बसवतील. तोलेगेन साहेबांनी हाताला धरून वर नेलं, पाहुण्यांच्या रांगेत.

मग मेंढीचं डोकं आलं, मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात ते. थाळी फिरत फिरत आली आणि तोंड माझ्याकडे करून थांबली.

मी म्हटलं, "नाही. इथे वडीलधारे आहेत."

साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वडीलधारे आहेत. पण आज एवढ्या घरांच्या वतीने बोलणारा तू आहेस. आणि आता तुझे वडीलही नाहीत, झंगीर. तुला घेता येतं."

बाप असेपर्यंत आमच्यात कोणी डोकं घेत नाही. बाबा एप्रिलमध्ये गेले. आजवर कोणी माझ्यासमोर ठेवलं नव्हतं. ती थाळी पाहिली आणि पहिल्यांदा खरं वाटलं की ते गेले, त्यांच्या जागेवर मी बसलोय. मी सुरी उचलली.

गालाचा तुकडा आपाला दिला. कान पंगतीतल्या सगळ्यात धाकट्या पोराला. मग माझ्या पोरांना, एकेकाला, माझ्या हाताने. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. किती अभिमान वाटला! लिहायला लाज वाटते, पण वाटला.

जेवण झाल्यावर आपा म्हणाली, "दुवा दे, लुकड्या. तुझ्या तोंडात साखर आहे." सगळ्यांनी तळवे उघडले. मी सुरू केलं. तिच्या आयुष्याला, नातवंडांना, तिच्या पाण्याला, तिच्या वाटेला. माना हलत होत्या. साहेब हळूच म्हणाले, "या घराच्या अन्नालाही दोन शब्द." आणि मी — थांबलो नाही! लय लागली होती. म्हटलं, "या घरातून जे येईल ते आम्हाला पुरेसं होवो. वाढणाऱ्याचा हात थकू नये, आणि त्याने वाढलं ते आमच्यातल्या कोणी कमी म्हणू नये."

"आमीन!" शंभर तोंडांतून. शंभर हात तोंडावरून फिरले. माझ्या पोरांचेही.

येताना घरी राहिलेल्यांचा वाटा म्हणून आपाने फडक्यात बांधून मांस दिलं. सायानला नेऊन दिलं. चवीने खाल्लं त्याने.

साहेब निरोप देताना माझा हात दोन्ही हातांत धरून उभे होते. जरा जास्तच वेळ.

२५ सप्टेंबर

सकाळी गरम पाणी आलं होतं.

बाकांवर प्रत्येकाच्या जागी कागद. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "मी जबरदस्ती करत नाही. काल तुमच्या कर्णधाराने दुवा दिली, तुम्ही आमीन म्हटलंत. या घरातून येईल ते पुरेसं. त्याने वाढलं ते कोणी कमी म्हणू नये. शब्द माझे नाहीत." आणि बाहेर गेले. बाहेर! त्यांना थांबायची गरजच नव्हती.

मी ओरडलो, "ती दुवा म्हातारीला होती!"

आमचा डावा बचावपटू बेरीक, माझ्याबरोबर दहा वर्षं खेळलेला, जमिनीकडे बघत म्हणाला, "मग तसं म्हणायचं होतंस, दादा."

"नानवर हात ठेवला होतात तुम्ही!"

"तो आपल्या आपल्यात होता. हे आपाचं ताट आहे. मोठ्यांच्या पंगतीत दिलेली दुवा. मी तोंडावरून हात फिरवलाय. घरी पोरं आहेत माझी."

"म्हणजे सायानचा पाय —"

"तुकडा तू कापून दिलास," तो म्हणाला. "तुझ्या हातून खाल्ला मी."

वकिलापुढे मी बोलू शकतो. मंत्र्यापुढे बोलेन. माझ्याच शब्दांपुढे काय बोलू? मी चार पुस्तकं वाचलेला माणूस, दुवा म्हणजे हवा हे मला ठाऊक आहे. पण ती हवा मी त्यांच्या अंगावर सोडली, आणि त्यांच्या लेखी ती हवा नव्हे.

वादिम तेवढा सही न करता पेन हातात घेऊन बसला होता. मला बाजूला नेऊन म्हणाला, "मला एक सांग, ही दुवा परत घेता येते का?"

"नाही. दिली की दिली."

"काहीच उपाय नाही?"

"उलटी देता येते. तळवे उलटे करून, शापासारखी. पण ती फक्त आईबापांनाच देता येते, तीही पोटच्या पोराला. आमच्या खेड्यात एका बापाने दिली होती. त्या घरावरून लोक अजून वाट वाकडी करून जातात."

वादिमने क्रॉस केला. "नको, राहू दे," म्हणाला.

२६ सप्टेंबर

वादिमनेही सही केली.

१ ऑक्टोबर

मी केलेली नाही. काही फरक पडत नाही, बहुमत झालंय. राखेच्या डोंगराशेजारी एकटा धावतो. चेंडू देत नाहीत. भिंतीवर मारायलाही नाही.

क्लबने सायानला काल कळवलं. करार संपला. आज त्याचा फोन.

"दादा, वाटा गोड होता हं."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तो खरंच माझी समजूत काढत होता.

सकाळी डबक्यांवर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

४ ऑक्टोबर

आपाकडे गेलो. साहेब राजधानीत आहेत, हे पाहूनच गेलो — तेही लिहून ठेवतो.

ती अंगणात दह्याचे गोळे वळून फळीवर वाळत घालत होती. मी तिला एवढंच मागायला गेलो होतो: पोरांसमोर म्हणा की ती दुवा माझी होती, क्लबची नाही. बस, एक वाक्य. ते मागून उठायचं होतं.

पण बोलायला लागलो. सुई सांगितली. बाविसावं मिनिट सांगितलं. वाळलेली पोटरी सांगितली, फडक्यातलं मांस तो कसा चवीने खात होता ते सांगितलं. मला येतं हे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, येतं मला.

तिची मान हलत नव्हती. म्हणून पहिल्यांदा डोळ्यांकडे पाहिलं. पाहायला नको होतं.

"माझ्या तोलेगेनने तुझ्या तोंडून वदवून घेतलं ते वाक्य?"

"हो, आपा."

"माझ्या ताटावर?"

"हो."

तिने हातातला गोळा नीट वळून पूर्ण केला, फळीवर ठेवला. "चार मुली झाल्यावर झाला तो मला," म्हणाली. मी निघालो तेव्हा म्हणाली, "तो परवा येईल. गाडी पाठवू नये म्हणावं कुणी. मी मैदानावर चालत येईन."

मी म्हटलं, "आपा, एकच वाक्य म्हणा फक्त. आणखी काही नको."

तिने पुढचा गोळा वळायला घेतला.

५ ऑक्टोबर

कुरालायला सांगितलं. ती भांडी विसळत होती, थांबली. "तू तिला कुठपर्यंत सांगितलंस?"

सगळं, म्हटलं.

"अरे देवा," म्हणाली.

६ ऑक्टोबर

आपा चालत आली. सराव थांबला. मलाही वाळूवरून बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर तिने मुलाला विचारलं, "माझ्या ताटावरची दुवा तू विकलीस?" साहेब हसले. "आई, थंडी आहे, गाडीत बस बघू."

तिने दोन्ही हात पुढे केले. आणि तळवे उलटे केले.

साहेब गवतावर गुडघ्यांवर बसले. "आई, तळवे फिरव. फिरव ना, आई!" ती वळून फाटकाबाहेर गेली, आली तशीच, एकटी.

दुपारी साहेबांनी सह्यांचे कागद फाडून आमच्या बाकांवर ठेवलेले होते. सायानचं ऑपरेशन गुरुवारी, क्लबच्या खर्चाने. कोणी आरोळी दिली नाही. कोणी कोणाला मिठी मारली नाही. शेवटी वादिम म्हणाला, "कर्णधार, काहीतरी बोल."

मी माझे तळवे पाहिले. हात खिशात घातले.