आतला टायर

३ फेब्रुवारी, मंगळवार

संपली! आमची लाल गाडी संपली. मेकॅनिकने बॉनेट बंद केलं, हात पुसले आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, अंगणात फिरवा. रस्त्यावर नको." एकवीस वर्षं राबली बिचारी. जगात घोडे गाडी ओढतात, आमच्याकडे गाडीने घोडे ओढले.

आणि वेळ बघा! आजच घोडेस्वारीच्या शाळेच्या बाईंचा फोन. वर्षभराचं काम. मार्चपासून दर शनिवारी चार घोडे टेकडीवरच्या मैदानात न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे. ट्रेलर त्यांचा, ट्रक आमचा. आजवर शाळेचे असोत की दुसऱ्या कुणाचे, दोन घोड्यांच्या पुढे आमची मजल गेलेली नाही. "जमेल ना?" बाईंनी विचारलं, आणि मी हो म्हणून मोकळी झाले. दारात धड गाडी नाही, आणि हो!

पण नाही कशी म्हणणार? हे काम हातचं गेलं तर ह्यांना कुणाच्या तरी गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसावं लागेल. ते मला बघवणार नाही.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. स्वारी खूश. चहा संपायच्या आत म्हणाले, "डबल टायर घ्यायचा."

मी म्हटलं, "सिंगल."

झालं. पडली ठिणगी.

४ फेब्रुवारी

घरात दोन पक्ष. भाजीत मीठ नव्हतं, तेसुद्धा कुणी काढलं नाही. विषय एकच — टायर.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मेकॅनिककडे दोन ट्रक विकायला आहेत. दोन्ही वापरलेले, दोन्ही पांढरे. समोरून जुळे. मागे गेलं की फरक कळतो. एकाला मागे दोन्ही बाजूंना एकेक टायर, दुसऱ्याला जोडीने दोन-दोन, त्यामुळे तो कमरेत चांगलाच रुंद. "माझ्यासारखा!" मी म्हटलं. मेकॅनिक खो खो हसला. ह्यांचं लक्षच नव्हतं.

ह्यांचं म्हणणं — डबल टायर रस्ता धरून ठेवतो. ट्रेलरने शेपूट हलवलं तरी ट्रक हलत नाही. एक टायर फुटला तर शेजारचा सांभाळून घेतो.

माझं म्हणणं — मैदानावरच्या ओल्या गवतात रिकामा ट्रक घसरणार. चाराच्या जागी सहा टायर पोसायचे. जोडीच्या फटीत दगड अडकला की काढत बसा. आणि मुख्य म्हणजे आमचं फाटक! मी मापपट्टी घेऊन मोजलं. दोन्ही बाजूंचं मिळून चार बोटं उरतात.

"चार बोटं म्हणजे मैदान आहे," हे म्हणाले.

"मग मैदानातच ठेवा ट्रक. तुम्हीही झोपा तिकडेच."

एवढा हट्ट ह्यांनी लग्नातसुद्धा केला नव्हता.

८ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा छळ पार पडला. लाल गाडीला आमचा रिकामा दोन घोड्यांचा ट्रेलर जोडायचा आणि अंगणात मी रिव्हर्स घ्यायचा. गेलं वर्षभर एक रविवार चुकलेला नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. नवरा बरा! आज बादली वाचली, कुंडी गेली.

गेल्या उन्हाळ्यात तर मला ट्रेलरचं लायसन्ससुद्धा काढायला लावलं. मी म्हटलं, मला काय करायचंय? तर म्हणे, "असू दे गं. कागदाला काय खायला घालायचंय?"

पण खरं सांगू? हे आरशात दिसतील असे उभे राहतात, नुसत्या हाताने दाखवतात, एकदाही ओरडत नाहीत. आठवड्यातला तो तास मला आवडतो. ह्यांना सांगणार नाही. चढून बसतील.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सिंगलची परीक्षा. मेकॅनिकचा ट्रक, शाळेचा ट्रेलर, शाळेच्याच माणसांनी भरून दिलेले चार घोडे. थेट वजनकाट्यावर नेलं.

काटेवाले काका ट्रेलरभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ट्रक किती ओढतो ते जो तो सांगतो. ट्रेलरचं नाक ट्रकच्या पाठीवर किती बसतं, ते कुणी विचारत नाही." आम्हीही विचारलं नव्हतं! शिवाय घरच्या हिशेबात खोगिरं विसरलो होतो, पाण्याची टाकी विसरलो होतो, आणि कहर म्हणजे आम्ही दोघं ट्रकमध्ये बसणार हेही विसरलो होतो.

सगळं धरून सिंगलच्या क्षमतेत जेमतेम साठ किलो शिल्लक राहतात.

"म्हणजे पुरतो," मी.

"म्हणजे काठावर," हे.

काका म्हणाले, "वजन मी सांगितलं. भांडण तुमचं तुम्ही मिटवा."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज डबल टायरची पाळी. पण जे झालं ते नीट लिहून ठेवते.

घोडे भरायच्या आधी हे लाकडी दांडा घेऊन वाकले. टायर ठोकून बघायची ह्यांची सवय लग्नाच्याही आधीची. हवा असली की टायर खणखणीत बोलतो, नसली की गोणीवर मारल्यासारखा आवाज येतो. हवा मोजायचं यंत्र ह्यांनी कधी बाळगलं नाही. "देवाने कान कशाला दिलेत?" डबलमध्ये तर ठोकावंच लागतं, कारण आतला टायर दिसत नाही. त्याची हवा गेली तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो आणि वरून सगळं छान दिसतं.

ठण. ठण. ठण. भद्.

"चारही ठणठणीत!" म्हणत हे उठले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, "तो डावीकडचा आतला परत ठोका बघू." परत ठोकला. परत भद्. माझ्याकडे बघून हसले. "अगं, ठणठणीत आहे!"

मेकॅनिक यंत्र घेऊन आला. त्या टायरमध्ये हवा जवळजवळ नव्हतीच. आणि आम्ही चार घोडे भरायला निघालो होतो.

हे दांडा हातात घेऊन उभे. मेकॅनिक उगाचच पान्हे मोजत बसला. मी म्हटलं, आज राहू दे, वारा फार आहे. वारा नव्हता.

१४ फेब्रुवारी

आता एकेक आठवतंय. वळण संपलं तरी इंडिकेटरची टिकटिक चालू. मला वाटायचं विसरभोळेपणा. टीव्हीचा आवाज पार शेजाऱ्यांपर्यंत. पाठमोरे असताना हाक मारली की उत्तर नाही, आणि मी म्हणायची, "बहिरे झालात का?" दहादा म्हटलं असेल. हसत हसत म्हटलं असेल. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

१५ फेब्रुवारी, रविवार

रिव्हर्सचा तास झाला. मी लाल गाडीतून उतरले, ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "डबल टायर का पाहिजे? खरं सांगा."

ट्रेलरच्या कडीशी चाळा करायला लागले. मग म्हणाले, "पूर्वी मागे घोड्याने पाय बदलला तरी मला पुढे कळायचं. आता मागे काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही. टायर फुटला आणि मला कळलंच नाही तर? निदान शेजारचा धरून ठेवेल."

"कधीपासून असं होतंय?"

"हल्लीच. गेल्या महिन्यातल्या सर्दीनंतर."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी बारा दिवस टायरवरून भांडत होते आणि हा माणूस घाबरलेला होता.

म्हटलं, उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरकडे. लगेच कबूल! फक्त, "चौकातला नको. पुलापलीकडची डॉक्टरीण चांगली आहे म्हणतात." बरं बाबा. पुलापलीकडची तर पुलापलीकडची.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. पण यंत्राने पुष्कळ फरक पडेल, असं डॉक्टरीण म्हणाली. यंत्र पंधरा दिवसांत येईल. गाडी चालवायलाही तिची हरकत नाही.

हरकत ह्यांचीच! "मागे जीव असतात. यंत्राची सवय होईपर्यंत मी चालवणार नाही."

"मग मार्चमध्ये चालवणार कोण?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

घोडामैदान जवळ आलं म्हणतात, ते हेच असावं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

चालवला! सिंगल टायरचा ट्रक, मागे चार घोडे, स्टिअरिंगवर मी.

गाव संपेपर्यंत मजेत. पुलावर चढले आणि बाजूने वारा आला. ट्रेलरने शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडं, मग जास्त, मग अख्खा ट्रक त्याच्या तालावर. ब्रेककडे पाय गेला तोच हे अगदी शांतपणे म्हणाले, "ब्रेक नको. स्टिअरिंग सरळ धर. पाय काढ फक्त." पाय काढला. हळूहळू शेपूट थांबलं.

पूल संपल्यावर बाजूला घेतला. उतरले. म्हटलं, "डबल टायर! आजच्या आज! फाटक पाडा हवं तर!"

ह्यांना हसू आवरेना. "आता तू डबल? आणि मी काय म्हणू, सिंगल?" बारा दिवस भांडून आम्ही जागा बदलल्या.

मग हे ट्रेलरमध्ये डोकावले आणि कपाळाला हात लावला. शाळेची थोरली घोडी, जिला आम्ही आत्याबाई म्हणतो, ती अगदी मागे उभी. सगळ्यांत भारी तीच. पण आत्याबाईंचा मान असा, की बाकीचे चढल्याशिवाय त्या चढत नाहीत. आमच्या ट्रेलरमध्ये दोघं शेजारी शेजारी, म्हणून कधी बिघडलं नाही. शाळेची माणसं तिला दटावून पुढे घालतात. आज आम्ही दोघांनी सवयीने मान राखला, आणि सगळं वजन मागे गेलं, नाक हलकं झालं, म्हणून शेपूट हललं.

"टायरचा दोष नाही," हे म्हणाले. "मानपानाचा आहे."

घोडे तिथेच खाली काढून नीट भरले. येताना वारा तेवढाच होता. मी मात्र वीसच्या वर गेले नाही. मागच्यांनी भोंगे वाजवले. वाजवोत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आत्याबाईंना दटावून पुढे घालायचं मला पटेना. दर शनिवारी भांडण कोण करणार? आज युक्ती केली. त्यांचं लाडकं करडं तट्टू ट्रेलरच्या पुढच्या खिडकीपाशी बाहेर उभं केलं. आत्याबाईंनी खिडकीतून त्याला पाहिलं आणि तरातरा आत! सगळ्यांच्या आधी! मागून बाकीचे निमूट.

पुलावरून दोन फेऱ्या मारल्या. वारा होता, शेपूट नव्हतं. दुसऱ्या फेरीत मी गाणं गुणगुणत होते असं हे म्हणतात. आता तुम्हाला कसं ऐकू आलं, विचारलं, तर म्हणे, "ओठ हलत होते."

मेकॅनिकने विचारलं, "मग काय ठरलं?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "चालवणार ती, ठरवणार ती."

"सिंगल," मी म्हटलं. ह्या वेळी फाटकासाठी नाही. मला तो जमतो म्हणून.

मेकॅनिक म्हणाला, "बरोबर आहे, वहिनी. वर दोघं बसलात, मग खाली डबल कशाला?" तोंडाळ आहे, पण माणूस चांगला.

२६ फेब्रुवारी

ट्रक घरी. फाटकातून एका दमात आत. हवेचं यंत्र आणि लाकडी दांडा, दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेत. ठोकायचं ह्यांनी, ऐकायचं मी, मोजायचं दोघांनी. बाईंना फोन केला. सात मार्चला पहिली फेरी!

२८ फेब्रुवारी, शनिवार

लाल गाडी सोमवारी भंगारात जाईल, म्हणून आतून रिकामी केली. सीटच्या खणात घडी घातलेला कागद सापडला. चौकातल्या कानाच्या दवाखान्याचा. ह्यांचं नाव, दोन्ही कानांची तपासणी. तारीख गेल्या वर्षीची, १९ फेब्रुवारी.

कपाटातून माझी गेल्या वर्षीची वही काढली. १९ च्या पानावर काही नाही. चार दिवसांनी, २३ फेब्रुवारी, रविवार, माझंच अक्षर —

"ह्यांना आज काय भूत शिरलं कोण जाणे! अंगणात रिकामा ट्रेलर जोडला आणि म्हणाले, बस, तुला रिव्हर्स शिकवतो."