मधली खोली

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तिच्याशी भांडतो आणि ती आमच्याशी, म्हणजे तब्येत उत्तम. बाबा रोज कारखान्यात येतात, सगळ्यांच्या कामात नाक खुपसतात आणि जेवायला घरी जातात.

वाढीव बांधकाम जोरात आहे. जुन्या छपराच्या डोक्यावरून नवं उंच छप्पर चढवलं, आता जुनं आतून उतरवतोय. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतच आहेत, एक दिवससुद्धा काम बंद ठेवलं नाही. मागची भिंत पाडली तेव्हा आत एवढा उजेड आला, की यंत्रांवर किती धूळ आहे ते पहिल्यांदा दिसलं. मी ओशाळले. मुकादम म्हणाला, "ताई, भिंत परत बांधू या का?"

तुझा निरोप आईकडून मिळाला. 'मी येईपर्यंत बांधकाम थांबवा.' कधी येणार, ते तू सांगितलं नाहीस आणि विचारायचा आईला धीर झाला नाही.

आता मुद्द्याचं बोलते. ज्या नव्या यंत्रासाठी हे बांधकाम चाललंय, ते लांबलचक आहे. एका टोकाला कागदाचे रोल, दुसऱ्या टोकाला तयार पुठ्ठा, सगळं एका सरळ रेषेत. त्या रेषेच्या बरोब्बर मध्ये तुझी कामाला बसायची खोली येते. बाबांशी भांडून तू गेलास तेव्हापासून ती बंद आहे. पुठ्ठ्याच्या गाड्या तिला वळसा घालून जातात, वळताना पुठ्ठ्याचे कोपरे दुमडतात, आणि दुमडलेला माल सगळे मुकाट्याने बाजूला काढतात. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी ते वळण शिकवतात. आम्हाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

खरं सांगू? पहिल्या नकाशात ती खोली मीच तशीच ठेवायला लावली होती. नकाशा काढणाऱ्या बाईंनी विचारलं, "इथे कोण बसतं?"

"कोणी नाही."

"मग एवढं कुणासाठी वाचवायचं?"

मी नकाशा गुंडाळला. घरी आले आणि रडले. खोली गेली की तू कधीच यायचा नाहीस, अशी भीती मनात घर करून बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं, खोली पाडायची. ते म्हणाले, "तो आला तर बसेल कुठे?"

"माझ्यासमोर," मी म्हटलं. "सगळे बसतात तिथे."

त्यांनी शर्टाच्या खिशातून तुझ्या खोलीची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. ती रोज त्यांच्याजवळ असते, हे मला माहीतच नव्हतं. त्या माणसानं एवढ्या वर्षांत तुझं नाव एकदाही काढलं नाही रे.

खोली उद्या सकाळी पाडतेय. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तिथे यंत्राचा पाया भरून झालेला असेल. परवानगी मागत नाहीये, कळवतेय. कारखाना आता मी चालवते आणि पुढेही मीच चालवणार.

राग येईल तुला. भांडायचं असेल तर भांडायला ये. सगळं ऐकून घेईन, काम मात्र थांबवणार नाही.

पण ये रे दादा. बाबा थकलेत.

तुझीच,
धाकटी